घास घशाखाली उतरावा म्हणून

नोव्हेंबर महिना हा आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने निवृत्तिवेतनधारकांचा महिना. हयातीचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या ज्येष्ठांनी शाखा गजबजून जाते. आता हा दाखला घरबसल्या संगणकीय पद्धतीनेही देता येतो. तरीही अनेकांना शाखेत येऊनच तो द्यावासा वाटतो, कारण त्या निमित्ताने चार ओळखीचे चेहरे भेटतात. काही वर्षांपूर्वी मी इंदूरच्या शाखेत असताना रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ दरवर्षी पहिल्याच आठवड्यात येत. त्यांना आम्ही सारे ‘काका’ म्हणत असू. दाखल्यावर स्वाक्षरी झाली की ते आमच्याबरोबर अर्धा कप चहा घेत आणि ‘साखर कमी आहे बरं का’ असा शेरा मारून निघत.

एका वर्षी महिना संपत आला तरी काका आले नाहीत. चौकशी करता चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेल्याचे कळले. दाखल्याचे काम घरी जाऊन पूर्ण करावे म्हणून मी गेले. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात बराच सुधारला होता, काठीच्या आधाराने ते न्हाणीघरापर्यंत जात होते, बोलणे थोडे जड असले तरी समजत होते. मात्र नाकातून घातलेली एक बारीक नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली होती आणि काकू त्या नळीतून गाळलेले डाळीचे पाणी सिरिंजने हळूहळू सोडत होत्या. माझ्यासाठी चहा आला. काकांनी कपाकडे एकदा पाहिले आणि मान वळवली.

‘‘हात चालू लागला, पाय चालू लागला, गिळणं काही आलं नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वय झालं, आता एवढं राहायचंच.’’

‘‘हातापायांसाठी काय केलंत?’’ मी विचारले.

‘‘रोज एक मुलगा येतो ना, व्यायाम करून घ्यायला.’’

‘‘आणि गिळण्यासाठी?’’

काकू गोंधळल्या. ‘‘गिळण्याचा कसला व्यायाम?’’

आपल्यापैकी बहुतेकांनी त्या जागी हाच प्रतिप्रश्न केला असता. हातापायांना व्यायाम हवा, हे सांगावे लागत नाही. घशालाही तो हवा, हे मात्र अनेकदा रुग्णालयातून घरी जाताना कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. हे मौन मोडले पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

मी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. तो प्रश्न मी काकूंना विचारू शकले, कारण माझ्या स्वतःच्या घरी तो वेळेवर विचारला गेला नव्हता. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा रुग्णालयातून घरी पाठवताना हाती दिलेल्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, पुढील तपासणीची तारीख होती आणि ‘मऊ आहार’ हे दोन शब्द होते. घरी आल्यावर पाणी पिताना त्यांना ठसका लागे. आई पाठीवरून हात फिरवी आणि ‘वर बघा’ म्हणे. आठ-दहा दिवसांत ठसका थांबला. आम्हाला वाटले, वडील सुधारत आहेत. त्यानंतर बारीक ताप येऊ लागला आणि तिसऱ्या आठवड्यात न्यूमोनियाचे निदान झाले. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. गिळण्यातील दोषामुळेच सारे घडले, असा दावा मी करणार नाही. परंतु पुढे परिचयातील एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी जे समजावून सांगितले, ते आधी ठाऊक असते तर ठसका थांबल्याचा आनंद आम्ही मानला नसता, हे नक्की.

अन्न किंवा पाणी श्वासमार्गात शिरू लागले की निरोगी माणसाला खोकला येतो. मेंदूच्या आजारात घशाची संवेदना बोथट झाली, तर अन्न आत जात राहते आणि खोकला येतच नाही. याला वैद्यकीय परिभाषेत ‘सायलेंट ॲस्पिरेशन’ म्हणतात. ठसका हा पहारेकरी आहे. तो गप्प झाला म्हणजे चोर आलाच नाही, असे समजणे धोक्याचे.

एका सेकंदाचे काम

गिळणे ही क्रिया आपण दिवसाकाठी शेकडो वेळा करतो आणि तिची जाणीवही आपल्याला नसते. वस्तुतः शरीरातील अत्यंत गुंतागुंतीच्या क्रियांपैकी ही एक आहे. तीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच-सहा जोड्या तिच्यात भाग घेतात. जीभ घास मागे लोटते. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाकडील वाट बंद करते. स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरील झाकण खाली येते. आणि एरवी आवळलेले अन्ननलिकेचे तोंड नेमके त्याच वेळी उघडते. घशातील हा सारा व्यवहार साधारण एका सेकंदात आटोपतो. आवंढा गिळताना गळ्यावर बोट ठेवून पाहावे. कंठमणी वर जाऊन खाली आल्याचे जाणवते. तो पुरेसा वर गेला नाही, किंवा किंचित उशिरा गेला, की घास वाट चुकतो.

ही क्रिया पक्षाघाताने बिघडते. झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याची अडचण असते. कंपवातात ती हळूहळू मंदावते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने वा किरणोपचाराने ती अडखळते. तंबाखू, गुटखा, सुपारी यांच्या व्यसनापायी आपल्या देशात मुखकर्करोगाचे प्रमाण किती मोठे आहे, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, तरी त्याआधीच्या व नंतरच्या सवयींचे परिणाम रुग्णालयांत दिसतच आहेत. सुपारीमुळे तोंड आखडत जाणाऱ्या रुग्णाला घास गिळणे दूरच, तो तोंडात घेणेच कठीण होते.

व्यायाम म्हणजे नेमके काय?

गिळण्याच्या दोषाचा पद्धतशीर अभ्यास हा तुलनेने अलीकडचा आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांनी 1983 साली या विषयावरील पायाभूत ग्रंथ लिहिला. बेरियम मिसळलेले अन्न गिळताना क्ष-किरणांची चलत्चित्रे घ्यायची आणि घास नेमका कोठे अडतो, कोठे चुकतो हे डोळ्यांनी पाहायचे, ही तपासणीची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दोष नेमका कळला, की त्याला अनुरूप व्यायाम ठरवता येतो.

यातील काही व्यायाम ऐकायला अगदी साधे आहेत. आवंढा सर्व बळ एकवटून गिळणे, हा एक. गिळताना कंठमणी वर गेला की तो तेथेच दोन-तीन सेकंद रोखून धरणे, हा दुसरा. त्याला मेंडेलसन यांचे नाव आहे. जिभेचे टोक दातांत हलकेच धरून कोरडा आवंढा गिळणे, हा तिसरा. मासाको फुजिऊ व लोगमन यांनी 1996 मध्ये त्याविषयी लिहिले. यामुळे घशाच्या मागील भिंतीला अधिक काम पडते. हा व्यायाम तोंडात अन्न असताना कधीही करायचा नसतो.

रेझा शाकेर यांनी 1997 साली मांडलेला व्यायाम विशेष प्रसिद्ध आहे. उताणे झोपून, खांदे जमिनीला टेकलेले ठेवून, पायाची बोटे दिसतील इतके डोके उचलायचे. एक मिनिट धरायचे, एक मिनिट विसावा, असे तीन वेळा. मग तीस वेळा केवळ उचल-ठेव. हे दिवसातून तीनदा आणि सहा आठवडे, असा मूळ क्रम होता. डोके उचलण्याचा घशाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु हनुवटीखालचे जे स्नायू डोके उचलताना ताणले जातात, तेच गिळताना स्वरयंत्राला वर व पुढे ओढतात आणि अन्ननलिकेचे तोंड उघडायला मदत करतात. नळीवर असलेल्या रुग्णांचा एक लहान गट या व्यायामानंतर तोंडाने जेवू लागल्याचे शाकेर व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नोंदवले. वृद्धांना झोपून डोके उचलणे जड जाते, म्हणून सिंगापूरच्या संशोधकांनी 2014 मध्ये बसून करावयाचा पर्याय मांडला. हनुवटीखाली हवा भरलेला मऊ चेंडू धरायचा आणि हनुवटीने तो दाबायचा. कंपवाताच्या रुग्णांसाठी विरोध असलेल्या नळीत जोराने फुंकण्याचा व्यायामही उपयुक्त ठरल्याचे 2010 च्या एका चाचणीत दिसले.

जपानमध्ये वृद्धांच्या केंद्रांतून जेवणापूर्वी ‘पा-ता-का-रा’ ही अक्षरे मोठ्याने म्हणवून घेतात. मराठी वाचकाला यातील मर्म चटकन उमगावे. आपली वर्णमालाच उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. ‘प’ ओष्ठ्य, म्हणजे ओठ घट्ट मिटायला हवेत, तेव्हाच घास तोंडात राहतो. ‘त’ दंत्य, तेथे जिभेचे टोक काम करते. ‘क’ कंठ्य, तेथे जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि घास लोटण्याचे कामही त्याचेच. ‘र’ला जीभ वळावी लागते. बाराखडी म्हटल्याने पक्षाघाताचा रुग्ण जेवू लागेल, असा याचा अर्थ नव्हे. ती जेवणाआधीची पूर्वतयारी आहे. परंतु बोलणे व गिळणे ही एकाच अवयवांची दोन कामे आहेत, म्हणून गिळण्याचा उपचारही वाचा-उपचारतज्ज्ञच करतात, हे यावरून ध्यानी येते.

निष्क्रिय खाते

दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते, हे आपण ग्राहकांना वारंवार सांगतो. स्नायूंना इतकीही सवलत नाही. नळी बसली, तोंडावाटे काही जाईनासे झाले, की घशाचे स्नायू कामावाचून अधिकच दुबळे होतात. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात किरणोपचार घेतलेल्या सुमारे पाचशे रुग्णांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. उपचारांच्या काळात जे रुग्ण शक्य तितके तोंडाने खात राहिले आणि व्यायामही करत राहिले, त्यांचे पुढील आहारमान सर्वांत चांगले राहिले. म्हणून अशा रुग्णांनी व्यायामाची चौकशी किरणोपचार संपल्यावर नव्हे, तो सुरू होण्यापूर्वीच करावी.

मेंदूच्या बाबतीतही आशेला जागा आहे. गिळण्याचे नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत असते, मात्र बहुधा एका बाजूचा वाटा मोठा असतो. ती बाजू जायबंदी झाली तर दुसरी हळूहळू अधिक भार उचलू शकते, असे मँचेस्टर येथील संशोधकांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले. अनेक रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत आपोआप सुधारते, ते यामुळेच. ज्यांचे सुधारत नाही, त्यांना मदत हवी. ऑस्ट्रेलियात पक्षाघाताच्या 306 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना नियमित, अधिक वेळ उपचार मिळाले, त्यांच्यातील अधिक जण सहा महिन्यांनी नेहमीच्या जेवणावर परतले होते.

हिशेब मांडताना दुसरी बाजूही लिहायला हवी. पक्षाघातानंतरच्या गिळण्याच्या उपचारांवरील कॉक्रेन समीक्षा 2018 साली आली. हे उपचार मृत्यू वा परावलंबन टाळतात, असे तिला आढळले नाही. मात्र गिळणे सुधारणे, छातीचा संसर्ग कमी होणे, रुग्णालयातील मुक्काम घटणे हे लाभ संभवतात, असे तिने म्हटले. त्यामागील पुराव्याचा दर्जा कमी-अधिक आहे, हेही नोंदवले. म्हणजे हा चमत्कार नव्हे. काहींना नळी दीर्घकाळ लागते. नळी हा पराभव नाही, ती जीव जगवते. माझा आग्रह एवढाच, की नळी आहे म्हणून व्यायामाचा विषय मिटला असे कोणी मानू नये.

उत्साहाला आवर

याच्या उलट चूकही होते. संगणकावर चित्रफीत पाहून घरच्या घरी व्यायाम सुरू करणे हे स्वतःच औषध ठरवण्यासारखे आहे. मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्याला डोके उचलण्याचा व्यायाम बाधू शकतो. श्वास रोखून गिळण्याच्या काही पद्धती हृदयरुग्णाला जोखमीच्या ठरतात. ज्या आजारांत स्नायू लवकर थकतात, तेथे अधिक व्यायाम म्हणजे अधिक लाभ हा हिशेब चुकतो. म्हणून आधी तपासणी, मग व्यायाम, हा क्रम मोडता कामा नये.

घरातील मायेलाही थोडी शिस्त लावावी लागते. ठसका लागलेल्याला ‘वर बघ’ म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. गिळण्याचा दोष असलेल्या अनेक रुग्णांना मात्र हनुवटी किंचित खाली ठेवून गिळायला शिकवतात. रुग्णाला आडवे ठेवून भरवू नये. ताठ बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. घास लहान असावा, पहिला उतरल्याखेरीज दुसरा देऊ नये, जेवताना गप्पा व दूरचित्रवाणी नको. दात-जीभ स्वच्छ ठेवणे हे केवळ टापटिपीचे काम नाही. तोंडातील जंतू फुप्फुसात गेले तर संसर्ग होतो. आणि आपल्या समजुतीच्या विरुद्ध, अशा रुग्णाला सर्वांत अवघड असते ते साधे पाणी, कारण ते झरकन घशात उतरते. सुटे कण होणारा चिवडा, शेव, मुरमुरे आणि पातळ रश्श्यातल्या फोडी हेही त्रासदायक. किती दाट पेय चालेल, हे तज्ज्ञाने ठरवावे. त्यासाठी 0 ते 7 अशा पायऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. पेयाचा दाटपणा पाहायचा तर ठरावीक मापाची 10 मिलिलिटरची सिरिंज भरून 10 सेकंद वाहू द्यायची व किती उरले ते मोजायचे. स्वयंपाकघरात सहज होणारी ही परीक्षा आहे.

आता खर्चाचा प्रश्न, जो आपल्या वाचकांना साहजिकच पडेल. या उपचाराला महागडी यंत्रे फारशी लागत नाहीत. आरसा, चमचा, चेंडू, पलंग आणि शिकवणारा माणूस एवढ्यावर बरेच भागते. परंतु आपल्या आरोग्यविमा पॉलिसींची रचना मुख्यतः रुग्णालयातील मुक्कामाभोवती असते. घरी परतल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो, आणि व्यायाम तर त्यानंतरही चालू ठेवावा लागतो. तेव्हा पॉलिसी घेतानाच या अटी वाचाव्यात. शिकवणारा माणूस शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारावी. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत, जी 1965 पासून कार्यरत आहे, गिळण्याच्या दोषांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. कर्करुग्णांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ही सेवा आहे. अडचण आहे ती लहान गावांची. जेथे हातापायांचा व्यायाम करून घेणारा सहज मिळतो, तेथेही गिळण्याचा तज्ज्ञ मिळेलच असे नाही. ही उणीव शासनाने व रुग्णालयांनी भरून काढली पाहिजे. पण मागणीच नसेल, तर पुरवठा कोठून येणार, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते.

काका-काकूंनी ती मागणी केली. शहरातील एका सरकारी रुग्णालयात तपासणी झाली आणि व्यायाम ठरले. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसला नाही आणि काकूंनी मला दूरध्वनीवर तसे स्पष्ट सांगितले. मी त्यांना आवर्ती ठेवीचे उदाहरण दिले. पहिल्या हप्त्याला कोणी व्याज मोजत बसत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या ठेवीत निदान पासबुक तरी असतं!’’ तेव्हापासून त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज तीन खुणा करायला सुरुवात केली. प्रथम चमचाभर दाट सत्त्व, मग मऊ खिचडी, असे करीत साडेतीन महिन्यांनी नळी निघाली. पुढच्या नोव्हेंबरात काका शाखेत आले. दाखल्यावर अंगठा न उठवता त्यांनी वाकडी का होईना, स्वाक्षरीच केली. चहा आला. हनुवटी खाली घेऊन, एकेक घोट थांबत थांबत, त्यांनी अर्धा कप संपवायला पंचवीस मिनिटे घेतली. रांग खोळंबली होती; कोणी काही बोलले नाही.

वाचकहो, ईश्वर करो आणि आपल्यावर ही वेळ न येवो. परंतु घरातील कोणाला पक्षाघात, कंपवात किंवा तोंडा-घशाचा कर्करोग झालाच, तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. यांचे गिळणे तपासले आहे काय? कोणते अन्न व किती दाट पेय सुरक्षित आहे? कोणता व्यायाम, किती वेळा आणि कोणाच्या देखरेखीखाली करायचा? पुन्हा तपासणी केव्हा? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. ठसका, जेवणानंतर घोगरा वा पाणी भरल्यासारखा आवाज, वारंवार येणारा बारीक ताप, घटणारे वजन यांपैकी काही दिसले, तर ‘वय झाले’ असे म्हणण्याआधी हाच कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

माझ्या वडिलांच्या कागदावर दोनच शब्द होते. आम्हीही त्याहून अधिक काही विचारले नाही. आपण विचारावे, म्हणून हे लिहिले.